करिअर ठरलेलं नाही, मग अकरावीला सहा विषय कोणते घेऊ?

कोरी_पाटी

नमस्कार. राज्य मंडळातून दहावी झाली. गणितात ७९, विज्ञानात ८६, सामाजिक शास्त्रांत ९१, इंग्रजीत ८८. पुढे काय करायचं ते खरंच ठरलेलं नाही. इंजिनीअरिंगची ओढ नाही आणि मेडिकल नकोच असंही वाटत नाही. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राबद्दल वाचायला आवडतं. घरचे म्हणतात, "सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतील." शाळेतल्या बाई म्हणतात, गणिताची भीती वाटत असेल तर आत्ताच सोड.

मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र हे चारही) घेऊन ठेवणं शहाणपणाचं आहे की नुसतं ओझं? गणित सोडलं तर नेमकं काय काय बंद होतं? कॉमर्सला गेले तर सायन्सला परत येता येतं का? आणि दुसरी भाषा घेऊ की आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान?

---

काटकोन

"सगळे दरवाजे" म्हणजे नेमके किती, ते आधी मोजू. बारावीनंतरचे बरेच अभ्यासक्रम विषय विचारतच नाहीत. पाच वर्षांचा लॉ, बीए, बीकॉम, डिझाइन, सीए फाउंडेशन या सगळ्यांना कुठल्याही शाखेची बारावी चालते. बीबीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्याची सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा आहे, तीही कुठल्याही शाखेतून देता येते. इथे सायन्सचा शिक्का असून जास्तीचं काही मिळत नाही.

विषय विचारणारे अभ्यासक्रम मोजकेच आहेत, पण ते कडक आहेत.

इंजिनीअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं आहे. तिसरा विषय रसायन, जीवशास्त्र किंवा ठरलेल्या तांत्रिक विषयांपैकी एक चालतो. राज्यात या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. आर्किटेक्चरलाही भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. एनडीएतून, म्हणजे सैन्यदलांच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, नौदल किंवा हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिक, रसायन, गणित तिन्ही हवेत. भूदलाला कुठलीही शाखा चालते, पण ९०० पैकी ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो आणि तो अकरावी-बारावीच्या पातळीचा असतो. आर्ट्सची मुलं अर्ज भरतात आणि नेमकी इथे अडकतात.

नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. एमबीबीएसला पीसीबीत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि आपल्या राज्यात फिजिओथेरपीसुद्धा नीटमधूनच. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी, पण जीवशास्त्र तिथेही हवंच.

बी. फार्म आणि बीएस्सी कृषी या दोन्हींना पीसीएम चालतं आणि पीसीबीही चालतं. "फार्मसीसाठी बायो घेतलंच पाहिजे" हा सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज आहे.

आता तुझ्या कामाचं. अर्थशास्त्र सायन्स मागत नाही, पण गणित मागतं. दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीला गणित नसेल तर अर्जच होत नाही. संख्याशास्त्राच्या पदवीलाही साधारणपणे बारावीचं गणित लागतं. जिथे लागत नाही तिथेही पहिल्याच वर्षी सीमांत खर्च (आणखी एक नग बनवण्याचा वाढीव खर्च) म्हणून डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर काढायचं गणित, समोर येतं. मानसशास्त्रात सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं करावंच लागतं. तेव्हा तू सांगितलेल्या आवडी बघता जीवशास्त्र हा ऐच्छिक प्रश्न आहे, गणित नाही. करिअर ठरलेलं नसताना एकच विषय धरून ठेवायचा असेल तर मी गणित धरायला सांगेन.

---

मधली_सुट्टी

काटकोन यांचं पात्रतेचं गणित पटलं. पीसीएमबीच्या ओझ्याबद्दल मात्र एक गोष्ट नीट समजून घे. ती न समजल्यामुळेच निम्मे वाद होतात.

राज्य मंडळाच्या बारावीला गुणांचे सहा विषय असतात, एकूण ६००. इंग्रजी ठरलेलं. दुसरी जागा दुसऱ्या भाषेची किंवा आयटीची. भौतिक आणि रसायन मिळून चार झाले. उरल्या दोन जागा. तिथे गणित आणि जीवशास्त्र बसवलं की झालं पीसीएमबी. म्हणजे पीसीएमबी घेतल्याने एकही पेपर वाढत नाही. जीवशास्त्र सोडलंस तरी ती सहावी जागा रिकामी राहत नाही, तिथे भूगोल किंवा कॉलेज देत असेल तो दुसरा विषय घ्यावाच लागतो. "तीन विषय की चार" हा पाच विषयांच्या बोर्डांचा प्रश्न आहे. आपला प्रश्न असा की सहाव्या जागेवर जड विषय बसवायचा की हलका.

जड म्हणजे किती? सध्याच्या बारावीच्या पुस्तकांत भौतिकशास्त्राचे १६ धडे, रसायनाचे १६, जीवशास्त्राचे १५ आणि गणिताचे दोन भाग मिळून १५. एकूण ६२. शिवाय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्हींची ३० गुणांची प्रात्यक्षिकं, म्हणजे तीन जर्नलं. जीवशास्त्राच्या जर्नलमधल्या आकृत्यांना इतर दोन जर्नलांपेक्षा जास्त वेळ जातो हे आधीच धरून चाल.

नुसत्या बोर्डासाठी हे झेपतं, दर वर्षी हजारो मुलं करतात. अडतं ते दोन प्रवेश परीक्षा एकदम धरल्यावर. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे पीसीएम आणि पीसीबी हे गट वेगळे आहेत, दोन्ही देता येतात आणि पर्सेंटाइल वेगवेगळं येतं. दोन्ही गटांत अभ्यासक्रमाचा साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो, म्हणून हे दोन्ही एका वेळी जमू शकतं. नीट आणि जेईई (इंजिनीअरिंगची देशपातळीवरची परीक्षा) एकदम धरणं मात्र वेगळं प्रकरण आहे. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० एकट्या जीवशास्त्राचे आणि जेईईत गणिताला एक तृतीयांश वाटा. एका परीक्षेचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा दुसऱ्या परीक्षेला काहीच कामाचा नाही. पीसीएमबी घे, पण अकरावीच्या दिवाळीपर्यंत एक मोठी परीक्षा निवड. दुसऱ्या बाजूचा विषय फक्त बोर्डापुरता ठेव.

आणखी एक सापळा म्हणजे इंटिग्रेटेड वर्ग, जिथे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र चालतात. तिथे बॅच पीसीएमची असते किंवा पीसीबीची. पीसीएमबीवाल्याला चौथा विषय बहुतेकदा स्वतःच वाचावा लागतो. प्रवेशाआधी लेखी वेळापत्रक मागून घे आणि चौथ्या विषयाचे आठवड्याला किती तास आहेत ते मोज. "बघू, करू काहीतरी" असं उत्तर आलं तर तास नाहीत असंच समज.

---

खतावणी

सायन्सची चर्चा बरीच झाली. अर्थशास्त्र आवडणाऱ्या मुलीला कॉमर्सबद्दल कुणी नीट सांगायला हवं.

कॉमर्सला इंग्रजी, दुसरी भाषा किंवा आयटी, बीके (बुककीपिंग), इकॉनॉमिक्स, ओसी (वाणिज्य संघटन) आणि सहाव्या जागेवर एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) किंवा गणित. इथे बहुतेक मुलं चुकतात. एसपीत गुण मिळतात म्हणून गणित सोडतात आणि मग सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरला, म्हणजे क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडला, अडतात. चार पेपर, ४०० गुण. प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत, म्हणून बाकी तीन पेपरांनी हा पेपर सांभाळून घेता येत नाही.

पण कॉमर्सचं गणित आणि सायन्सचं गणित हे मंडळाच्या दृष्टीने दोन वेगळे विषय आहेत. सायन्स-आर्ट्सच्या गणिताचा विषय क्रमांक ४०, कॉमर्सचा ८८. ८८ मध्ये डेरिव्हेटिव्ह आहे, इंटिग्रेशन आहे, मॅट्रिक्स आहे, शिवाय कमिशन, विमा आणि वार्षिकी, रिग्रेशन, निर्देशांक. नाही ते त्रिकोणमिती, व्हेक्टर आणि रेषा-प्रतल. अर्थशास्त्राला उपयोगी असं बरंच काही त्यात येतं. (सीबीएसईत साधारण असाच फरक गणित ०४१ आणि अप्लाइड मॅथ्स २४१ यांच्यात आहे. तिथली मुलंही नाव सारखं बघून फसतात.)

आर्ट्सलाही ४० क्रमांकाचं गणित घेता येतं. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित अशी जोडी तुझ्या आवडीला अगदी चपखल बसेल. अडचण एवढीच की फार थोडी कॉलेजं ती देतात, कारण आर्ट्सच्या वर्गात गणिताला पुरेशी मुलं मिळत नाहीत. प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचार: "हा विषय यंदा प्रत्यक्ष शिकवला जाणार आहे का, गेल्या वर्षी किती मुलं होती?" माहितीपत्रकात छापलेला विषय वर्गात असेलच असं नाही.

परत येण्याबद्दल: सायन्सची अकरावी पास होऊन बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सला घेता येते. उलट मार्ग नाही, त्यासाठी अकरावी सायन्स पुन्हा करावी लागते. पण "सायन्स घेऊ, नाही जमलं तर कॉमर्स" हेही वाटतं तेवढं सोपं नाही. बारावीचं बीके थेट भागीदारीच्या अंतिम खात्यांनी सुरू होतं आणि तुला अकरावीतली रोजकीर्द, खतावणी, तेरीज येते असं धरून चालतं. तशी वेळ आली तर मेच्या सुट्टीत अकरावीच्या पुस्तकातला एवढा भाग हाताने सोडव. नुसती वाचून बीके येत नाही.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सहाव्या जागेचं तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. आता गणित ठेवायचं असं वाटतंय, पण भीती खरी आहे. दहावीला बीजगणित बरं गेलं, भूमितीतल्या सिद्धता अजिबात जमायच्या नाहीत. अकरावीत तेच असेल तर? आणि गणित झेपेल की नाही हे प्रवेशाआधी कसं कळणार? शिवाय आत्ता जीवशास्त्र सोडलं आणि दोन वर्षांनी मेडिकल करावंसं वाटलं तर सगळं संपलं का?

---

मधली_सुट्टी

तुझी भीती चुकीच्या जागी आहे, आणि हे चांगलंच आहे. प्रमेय लिहा, पक्ष लिहा, साध्य लिहा, ही दहावीची पद्धत अकरावीत राहत नाही. भूमिती आहे, पण रेषा, वर्तुळ आणि शांकव समीकरणं मांडून सोडवायचे. ते बीजगणितच म्हण. ज्याला बीजगणित बरं जातं त्याला ही भूमिती सहसा जमते. सराव लागतो तो त्रिकोणमितीचा, कारण अकरावीला तिचे दोन सलग धडे आहेत आणि बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये तीच सूत्रं पावलोपावली लागतात. दहावीच्या त्रिकोणमितीतली नित्यसमानता सिद्ध करायची पाच गणितं आज कर. जमली तर पाया ठीक आहे.

झेपेल का हे बघण्यासाठी दहा-अकरा दिवस काढ. ई-बालभारतीवर अकरावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. चार धडे घे: गणित भाग एकमधला दुसरा, म्हणजे त्रिकोणमिती, भौतिकशास्त्राचा दुसरा, मॅथेमॅटिकल मेथड्स, रसायनाचा पहिला, ज्यात मोल संकल्पना आहे, जीवशास्त्राचा पाचवा, पेशीरचना. प्रत्येकाला दोन दिवस, रोज तीन तास. वाचायचं, सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवायची, मग पुस्तक मिटून पुन्हा करायची. धडा संपल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नकोस. तिसऱ्या दिवशी स्वाध्यायातले दहा प्रश्न कोऱ्या कागदावर सोडव.

दहापैकी चार-पाच आले तर उत्तम, पहिल्या वाचनात यापेक्षा जास्त कुणाचे येत नाहीत. दोनच आले तर कारण शोध. मराठी माध्यमातून आली असशील तर बऱ्याचदा विषय अडत नाही, इंग्रजी प्रश्न अडतो. तोच प्रश्न कुणाला तरी मराठीत सांगायला लाव. मग सुटला तर तो भाषेचा प्रश्न आहे, दोन-तीन महिन्यांत मिटतो. मराठीतही सुटला नाही आणि पुन्हा करून बघावंसंही वाटलं नाही, तर त्या विषयाबद्दल ती खरी खूण आहे. गुणांपेक्षा मी या दुसऱ्या गोष्टीकडे जास्त लक्ष देईन.

भौतिकशास्त्राचा दुसरा धडा मुद्दाम सांगितला. समजा, एखादी वस्तू कापते ते अंतर मीटरमध्ये, काळाच्या वर्गाच्या पाचपट आहे. तीन सेकंद पूर्ण होतात त्या क्षणी तिचा वेग किती? दहावीची सवय अंतर भागिले वेळ करते: ४५ भागिले ३, उत्तर १५. पण हा झाला सरासरी वेग. त्या क्षणाचा वेग डेरिव्हेटिव्ह घेऊन येतो, काळाच्या दहापट, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. हा धडा कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच येतो. आणि गणिताच्या पुस्तकात डिफरन्सिएशन आहे भाग दोनच्या शेवटच्या, नवव्या धड्यात. मधले कित्येक महिने भौतिकशास्त्राच्या तासाला मुलं न शिकवलेलं गणित वापरत असतात आणि "मला फिजिक्स येत नाही" असं समजून बसतात. भाग दोनमधले लिमिट्स आणि डिफरन्सिएशन हे दोन धडे सुट्टीत ओझरते जरी वाचलेस तरी पहिलं सत्र सुसह्य होईल.

याचाच दुसरा अर्थ असा की गणित सोडून पीसीबी घेणाऱ्यांची गणितातून सुटका होत नाही. भौतिकशास्त्र डेरिव्हेटिव्ह मागतं ते मागतंच, फक्त ते शिकवायला गणिताचा तास नसतो.

---

काटकोन

"सगळं संपलं का?" याचं उत्तर: नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त मंडळातून बारावी झाल्यावर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येते. त्याआधी अकरावी-बारावीत नियमित वर्गात जीवशास्त्र नसलेली मुलं बाद होत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, एक ते चार सुटे विषय घेऊन परीक्षा देता येते. प्रात्यक्षिक तिथेही असतं, ते विसरू नकोस.

गणित नंतर असंच सुटं घेता येतं, पण दोन बाबतींत जपून. एक म्हणजे वेगळ्या गुणपत्रिकेवरचा विषय प्रत्येक प्रवेशप्रक्रिया सारख्याच पद्धतीने धरते असं नाही, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघावी लागते. दुसरं, जीवशास्त्र एकट्याने वाचून उभं करता येतं, गणिताची दोन वर्षांची साखळी एकट्याने उभी करणं जास्त कठीण. त्रिकोणमिती सुटली की इंटिग्रेशन सुटतं. म्हणूनच दोन्हींपैकी एकच आत्ता घ्यायचं तर गणित, असं मी आधी म्हटलं.

---

मधली_सुट्टी

आयटी की भाषा राहिलंच. दोन्ही १०० गुणांचे आणि दोन्हींमुळे कुठलाही अभ्यासक्रम बंद होत नाही, म्हणून इथे बिनधास्त आवडीने निवड. आयटीचा ८० गुणांचा पेपर संगणकावर असतो, २० प्रात्यक्षिकाचे. कॉलेजात संगणक किती आणि मुलं किती, ते प्रयोगशाळा बघूनच ठरव.

आयटी आणि द्विलक्षी संगणकशास्त्र यांत मात्र गल्लत करू नकोस. द्विलक्षी विषय २०० गुणांचा असतो, तो दुसऱ्या भाषेची आणि आणखी एका विषयाची अशा दोन जागा घेतो. बहुतेक मुलं त्यासाठी जीवशास्त्र सोडतात. गुण चांगले पडतात, पण ठरलेलं नसताना एकाच विषयात दोन जागा गुंतवणं मला पटत नाही. द्विलक्षी घ्यायचंच असेल तर गणित ठेवून घे.

फॉर्म भरताना: केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेत दहा पसंती देता येतात आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतेस. शाखा फॉर्ममध्ये ठरते, पण सहा विषय नेमके कोणते हे कॉलेजात प्रवेश निश्चित करताना ठरतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथे तुला हवी ती जोडी नाही, असं होऊ देऊ नकोस. दहाही कॉलेजांच्या विषयजोड्या आधी एका कागदावर लिहून काढ. विषय बदलायचाच झाला तर वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज दे. बारावीत गेल्यावर ते कॉलेजच्या हातात राहत नाही, मंडळाची परवानगी लागते.

---

कोरी_पाटी

आज अकरावीच्या गणिताचे दोन्ही भाग उतरवून घेतले. नित्यसमानतेची पाचपैकी चार गणितं जमली, पाचव्यात वर्ग करायला विसरले होते. आर्ट्सच्या अर्थशास्त्र-मानसशास्त्र-गणित जोडीसाठी उद्या तीन कॉलेजांत विचारून येते. ती कुठेच नसेल तर पीसीएमबी घेऊन जीवशास्त्र बोर्डापुरतं ठेवीन. दहा-अकरा दिवसांनी चार धड्यांचे आकडे इथे टाकते, तेव्हा बघून सांगाल का?

---

खतावणी

नक्की टाक. कॉलेजात विचारशील तेव्हा विषयाच्या नावाबरोबर क्रमांकही विचार. ४० म्हणाले तरच ते तुला हवं असलेलं गणित.